आमच्या तालुक्याचे नाव कधीकाळी देशाचे नाव होते

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
पुणे

महोदय,



जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला रोज राष्ट्रगीत होते. नोकरीची सगळी वर्षे मी ते मुलांच्या रांगेपुढे उभा राहून म्हटले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पाचवीतली एक मुलगी भारताचा नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आली. राष्ट्रगीतातले पंजाब तिला सापडले होते, गुजरात सापडले होते. उत्कल आणि बंग काही केल्या सापडेनात. ओडिशा आणि बंगालवर बोट ठेवून मी तिला ही त्यांचीच जुनी नावे असल्याचे सांगितले. तिने थोडा वेळ नकाशाकडे पाहिले आणि विचारले, "मग आपलं तसं नाव कोणतं?" मी म्हणालो, "मराठा. गीतातच आहे की." ती म्हणाली, "गुरुजी, ते तर माणसांचं नाव. मी देशाचं विचारते."

'महाराष्ट्र' एवढे सांगून मी त्या दिवशी वेळ मारून नेली. उत्तर चुकीचे नव्हते, पण तिच्या प्रश्नाला ते पुरणारे नव्हते. त्यानंतर मी वाचत गेलो, तालुक्यात फिरत गेलो आणि आमच्या पायाखालच्या जमिनीची किती नावे आहेत हे हळूहळू कळत गेले. आपल्या मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. तेव्हापासून या राज्यातल्या बहुतेक मुलांना देशाची पहिली ओळख आपल्याच पुस्तकांतून झाली. म्हणून तिला द्यायचे राहिलेले उत्तर मी आपल्याला लिहितो आहे. माझ्यासारखी वेळ मारून नेण्याची पाळी इतर शिक्षकांवर येऊ नये, यासाठी हे पत्र खुले ठेवले आहे.

आधी गावाच्या नावापासून सुरुवात करतो. महाराष्ट्रात पिंपळगावे उदंड. नाशिककडे पिंपळगाव बसवंत आहे, जुन्नरकडे पिंपळगाव जोगा आहे. आमचे पिंपळगाव ओळखू यावे म्हणून लोकांनी त्याला देवीचे नाव जोडले आणि ते पिंपळगाव रेणुकाई झाले. झाड आणि देवी अशी दोन नावे एकत्र नांदतात, आणि त्यातले खरे कोणते असे आजवर कोणी विचारले नाही. रेणुका म्हणजे परशुरामाची आई, माहूरगडाची माता. त्या परशुरामाने समुद्र मागे हटवून जमीन मोकळी केली अशी कथा असल्याने कोकणाला परशुरामभूमी म्हणतात. म्हणजे आमच्या गावाला आईचे नाव आणि तिकडे समुद्राकाठच्या अख्ख्या मुलखाला लेकाचे. दीडशे कोसांवरच्या दोन प्रदेशांना आई-लेकाच्या नात्याने बांधणारे हे भूगोलाचे ज्ञान कोणत्याही पुस्तकाआधीपासून लोकांकडे होते.

आता तालुक्याचे गाव. भोकरदन. एसटीच्या पाटीवर हे नाव वाचणाऱ्याला ते भोकराच्या झाडावरून आले असावे असे वाटते. पण हे नाव मूळचे भोगवर्धन आहे. मार्कंडेय पुराणात दक्षिणेकडच्या देशांची यादी आहे. तिच्यात अश्मक, भोगवर्धन, कुंतल अशी नावे एकामागोमाग येतात. पुराणकाराच्या लेखी भोगवर्धन हा एक देश होता आणि तिथले लोक भोगवर्धन म्हणून ओळखले जात होते. पंचायत समिती, तहसील कचेरी आणि बाजार समितीचे गाव म्हणून जे नाव आम्ही रोज घेतो, ते अश्मक-कुंतलाच्या पंगतीला बसलेले नाव आहे. मला हे कळले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या तालुक्याबद्दल हे इतक्या उशिरा कळावे याचे मला वाईट वाटते.

हे केवळ पुराणातले नाव असते तर कोणी कल्पना म्हणून बाजूला ठेवले असते. पण मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिले त्यांची नावे तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भोकरदनच्या केळणा नदीच्या काठावरून कोणीतरी सांचीजवळच्या विदिशेच्या बाजूला गेले आणि स्वतःच्या नावाबरोबर गावाचेही नाव दगडावर घालून आले. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख. त्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. तिच्याशी फार मिळतीजुळती मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत जे शहर गाडले गेले, तेच हे. पाँपेईची ती मूर्ती १९३८ मध्ये मिळाली आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. असा हस्तिदंत कोरणारे हात आमच्या भोगवर्धनात होते, ही शक्यता अभ्यासक गांभीर्याने घेतात. आमच्या मुलांना पाँपेई ठाऊक असते, ज्वालामुखीच्या धड्यात ते येते. भोगवर्धन मात्र त्यांना माहीत नसते.

सहावीच्या इतिहासात सोळा महाजनपदे येतात. मुले ती पाठ करतात आणि त्यांत अश्मक हे एक दक्षिणेतले, एवढे परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. अश्मक कुठे, असे विचारले तर गोदावरीच्या काठी. त्याच्या शेजारी मूळक, त्याची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. पालीतल्या सुत्तनिपातात बावरी नावाच्या एका वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. तो कोसलातून दक्षिणेत येऊन गोदावरीकाठी राहिला. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला निघाले तेव्हा ते प्रतिष्ठानावरून माहिष्मती आणि उज्जैनीकडे गेले. पैठण ते उज्जैन या जुन्या व्यापारी वाटेवरचा मुक्काम म्हणून अभ्यासक भोगवर्धनाकडे पाहतात. नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातले देश सांगितले आहेत: ऋषिक, अश्मक, मूळक, अपरांत, विदर्भ आणि आणखी कितीतरी. आपल्या मुलाचे मोठेपण सांगताना त्या आईने देशांची नावे एकेक करून मोजली. या सगळ्याला मिळून एकच नाव देण्याची तिला गरज वाटली नाही.

इथे मुलांना एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती आपल्या पुस्तकात मला स्पष्ट दिसायला हवी आहे. जुन्या भाषेत 'देश' हा शब्द केवळ अख्ख्या राष्ट्राला लागत नसे. म्हणून तर आपल्याकडे खानदेश आहे, देश आणि कोकण आहे, देशावरची माणसे आहेत. आमच्या गावातून उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर उतरले की खानदेश. पूर्वेला बुलढाण्याची हद्द लागली की वऱ्हाड, आणि त्यातही घाटावरचे वेगळे, घाटाखालचे वेगळे. दक्षिणेला गोदावरीपर्यंत गेले की गंगथडी, कारण गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. लेक कुठे दिली असे विचारले तर आमच्याकडची बाई आजही 'वऱ्हाडात दिली' असे सांगते, जिल्ह्याचे नाव घेत नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. वऱ्हाड त्याच्या कितीतरी शतके आधीपासून तोंडात आहे.

या नावांकडे पाहता पाहता मला एक गोष्ट जाणवत गेली. देशाचे प्रत्येक नाव हे ते देणारा माणूस कुठे उभा होता याची खूण आहे. 'दक्षिणापथ' हे नाव उत्तरेत उभ्या असलेल्या माणसाने दिले. आम्हाला आमचे गाव दक्षिणेला कधीच वाटले नसते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासग्रंथात हा मुलूख दखिनाबदेस म्हणून येतो आणि या लोकांच्या भाषेत दक्षिणेला काय म्हणतात हेही तो सांगतो. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावेही त्यात आहेत. तोच शब्द दखन झाला, साहेबाच्या तोंडी डेक्कन झाला आणि आता पुण्यात जिमखान्याला आणि रेल्वेगाडीला चिकटून राहिला आहे.

संपूर्ण देशाच्या नावाचेही असेच. सिंधू नदीच्या पलीकडे इराणात उभे राहून पाहणाऱ्यांना ही नदी म्हणजेच देशाची सुरुवात वाटली. त्यांच्या तोंडी स चा ह झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणी सम्राट दारयवहूच्या लेखांत सिंधूकाठचा प्रांत 'हिंदुश' म्हणून येतो. ग्रीकांनी त्याचा ह गाळला आणि 'इंदोस' केले. हिंद, हिंदुस्थान, इंडिया ही सगळी एका नदीची लेकरे आहेत. ती नदी आज बहुतांशी दुसऱ्या देशातून वाहते. आपले मंडळ सिंधी भाषेतही पुस्तके छापते. उल्हासनगरच्या सिंधी घरातले मूल राष्ट्रगीतात आपल्या देशाचे नाव म्हणते आणि नकाशात मात्र ते त्याला सापडत नाही. राष्ट्रगीतातून सिंध वगळावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती, ती २००५ मध्ये फेटाळली गेली. ते योग्यच झाले. देशाच्या नावात नकाशाखेरीज आठवणही असते.

आणि 'हिंदुस्थान' म्हटले की आमच्या भागातल्या मुलांना एक गोष्ट हमखास नवी वाटते. अठराव्या शतकातली मराठी पत्रे वाचली तर पेशव्यांचे सरदार 'हिंदुस्थानात' जातात आणि 'देशी' परत येतात. त्यांच्या भाषेत हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा उत्तरेचा मुलूख. पानिपतावर गेलेली फौज हिंदुस्थानात गेलेली होती. घर होते ते देशावर, दक्षिणेत. म्हणजे एकच शब्द इराणी माणसाला सिंधूकाठ दाखवत होता, शिंद्यांच्या कारकुनाला दिल्ली-आग्रा दाखवत होता आणि पुढे स्वातंत्र्यलढ्यात सगळ्या देशाला पुरून उरला. २३ सप्टेंबर १८०३ ला आमच्या जवळच, केळणा आणि जुई नद्यांच्या संगमापाशी असईला लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची कंपनी सरकारची फौज. हिंदुस्थानात दबदबा असलेल्या शिंद्यांचा या देशी पराभव झाला. इंग्लंडच्या काही पलटणींनी 'असई' हे नाव आपल्या निशाणावर अभिमानाने मिरवले. ज्या गावचे ते नाव आहे, त्याच्या पंचक्रोशीतल्या मुलांना मात्र ही लढाई कुठल्या तरी दूरच्या ठिकाणची वाटते.

त्या मुलीला मी जे एका शब्दात उत्तर दिले त्या महाराष्ट्राकडे आता येतो. हे नावही मला फार करून बाहेरून आलेल्या माणसांच्या तोंडी भेटले. सिंहली परंपरेतल्या महावंसात धर्मप्रचारासाठी 'महारट्ठ' देशी पाठवलेल्या थेराचा, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूचा, उल्लेख आहे. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएन त्संग इथे आला आणि त्याच्या लिपीत बसेल तसे त्याने हे नाव लिहून नेले. इसवी सन ६३४ मध्ये कर्नाटकातल्या ऐहोळेला रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरवली. तिच्यात तीन महाराष्ट्रक आहेत आणि त्यांत मिळून ९९ हजार गावे आहेत. तीन महाराष्ट्र! त्यांच्या सीमा कशा होत्या यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्या ९९ हजारांत केळणेच्या खोऱ्यातली गावेही असतील, असे मला वाचताना राहून राहून वाटते.

या नावावर सगळ्यांत उत्कट प्रेम केले ते महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी. परंपरा त्यांना मूळचे गुजरातचे सांगते. तेराव्या शतकात ते इकडे आले, मराठी बोलले आणि आपल्या शिष्यांना त्यांनी सांगितले की कानड देशाला, तेलंग देशाला जाऊ नका, महाराष्ट्रात राहा. आमच्याच तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे स्थान आहे. स्वामींनी जाळीतल्या वाघांना शांत केले अशी तिथली आठवण. पौर्णिमेला तिथे दुरून दुरून माणसे येतात. पुढे महानुभावांनीच महाराष्ट्र म्हणजे नेमका किती याची व्याख्या लिहून ठेवली. त्यात मराठी भाषा चालते तिथवरचा भाग येतो, गंगेचे दोन्ही तीर येतात, घाट येतात, सगळे वऱ्हाड येते. ही खंडमंडळे वेगवेगळी, पण सगळी मिळून महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्राच्या नकाशाआधी सहाशे वर्षांहून अधिक काळ ही सीमा आखलेली होती, पण कोणी तलवारीने नव्हे. ती भाषेने आखली होती. चौथी-पाचवीच्या मुलाला कळेल इतकी ही सोपी गोष्ट आहे.

राजांनी दिलेली नावे लोकांनी घेतली नाहीत अशीही उदाहरणे आमच्या शेजारी आहेत. देवगिरीच्या यादवांचा मुलूख सेउणदेश, त्यांच्या सेउणचंद्र या पूर्वजाच्या नावावरून. ते राज्य गेले, नावही गेले. अकबराने खानदेश जिंकल्यावर मुलाच्या, दानियालच्या नावावरून त्याचा दानदेश केला. कागदोपत्री दानदेश लिहिला गेला, पण डोंगराखालच्या माणसाने खानदेशच म्हटले आणि आजही तोच म्हणतो.

पुस्तकात न शिकवलेली काही देशनामे आमच्या घरात मात्र रोजची आहेत. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा जंबुद्वीप येते, भरतवर्ष येते, भरतखंड येते, मग दंडकारण्य, मग गोदावरीचा तीर, आणि शेवटी पैठणच्या शालिवाहनाच्या नावाने चालणारा शक. टपालाच्या पत्त्यात माणसापासून सुरुवात होते आणि राज्यावर संपते. इथे मोठ्या द्वीपापासून सुरुवात होऊन पाटावर बसलेल्या यजमानापर्यंत येणे होते. नदीच्या उत्तरेला राहणाऱ्यासाठी उत्तर तीर, दक्षिणेला राहणाऱ्यासाठी दक्षिण तीर. त्यातले जंबुद्वीप केवळ पोथीतले नाही. सम्राट अशोकाने मस्कीच्या शिलालेखात ते वापरले आहे. १९१५ मध्ये सापडलेला तो लेख ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानात आमचा मराठवाडाही होता. दंडकारण्य म्हणजे रामायणातले अरण्य. म्हणजे कपाशीच्या आणि मिरचीच्या रानात राहणारा आमचा शेतकरी पूजेच्या पाटावर बसला की अरण्यात राहणारा होतो.

मग येतात रामदास. जालना जिल्ह्यातल्या जांबचे, १६०८ चा जन्म, लहानपणीच घर सोडून निघालेले. परंपरा सांगते की बारा वर्षे ते सारा देश पायी फिरले. त्या फिरतीत त्यांनी जे पाहिले ते सुखाचे नव्हते. पण या मातीत जन्मलेल्या माणसाने पुढे आपल्या देशाला जे नाव दिले ते 'आनंदवनभुवन'. आनंदवन हे मूळ काशीचे नाव. रामदासांनी ते उचलले आणि दुःख संपलेल्या, मोकळ्या झालेल्या भूमीचे स्वप्न त्या नावाखाली रचले. आतापर्यंत मी सांगितलेली सगळी नावे देश जसा होता त्याची होती: दक्षिणेचा, नदीकाठचा, एखाद्या राजाचा. हे नाव मात्र देश जसा व्हावा त्याचे आहे. कविता एखाद्या देशाला नाव देते म्हणजे काय करते हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही, आणि ते आमच्या जिल्ह्यातल्या कवीचे आहे. पुढे गोविंदाग्रजांनी महाराष्ट्रगीत लिहिले, राजा बढे यांचे 'गर्जा महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. ती गाणी शाळेत गाऊन घेतली जातात, आणि जावीत. पण आनंदवनभुवन या शब्दाचा अर्थ विचारला तर आमच्या जिल्ह्यातले किती शिक्षक सांगू शकतील, याची मला काळजी वाटते. तो न कळण्यात माझीही बरीच वर्षे गेली.

२०२३ च्या सप्टेंबरात जी-ट्वेंटी परिषदेच्या निमंत्रणपत्रावर इंडियाऐवजी भारत छापले गेले आणि देशभर वाद झाला. त्या दिवसांत गावातली मोठी मुले मला पारावर गाठून विचारत, आपल्या देशाचे खरे नाव कोणते. हा प्रश्न नवा नाही. १८ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत पहिल्या अनुच्छेदावर चर्चा झाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून आलेले ह. वि. कामत यांनी भारत हे नाव आधी यावे आणि इंडिया हे इंग्रजी भाषेतले नाव म्हणून यावे अशी सूचना मांडली. हिंद, हिंदुस्थान, भारतवर्ष, भारतभूमी ही नावेही सुचवली गेली आहेत याचा त्यांनी उल्लेख केला. आपल्या बाजूने त्यांनी आयर्लंडच्या संविधानाचा दाखला दिला. त्यात एरे आणि आयर्लंड अशी दोन्ही नावे आहेत. मतदान झाले, ३८ विरुद्ध ५१ मतांनी सूचना पडली आणि इंडिया व भारत दोन्ही नावे एकाच वाक्यात शेजारी शेजारी राहिली.

आमच्यासाठी या प्रसंगात एक वेगळी बोच आहे. त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून एक वर्ष आणि एक दिवस झाला होता. संविधान सभेत हैदराबाद संस्थानचे प्रतिनिधी नव्हते. देशाचे नाव ठरत होते तेव्हा त्या सभागृहात हात वर करायला आमच्या भागाचा कोणीही नव्हता. एरवी मी ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाही. पण ज्यांना त्या दिवशी मत देता आले नाही, त्यांच्या नातवंडांना निदान ती चर्चा वाचायला मिळावी.

आयर्लंडचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्या बेटाच्या जुन्या कथेत एरिउ, बान्बा आणि फोड्ला या तीन देवी नव्याने येणाऱ्यांना अडवतात आणि प्रत्येक जण देशाला आपले नाव द्यायला सांगते. पहिलीचे नाव चालू राहिले, बाकी दोघींची कवितेत जिवंत राहिली. रेणुकाईच्या गावात राहणाऱ्या मुलाला ही कथा परकी वाटणार नाही. कामतांची सूचना योग्य होती की नाही यावर माणसांची मते वेगळी असू शकतात. माझे मत असे की, एकच नाव खरे मानले की बाकीची खोटी ठरवावी लागतात, आणि मग भोगवर्धनापासून आनंदवनभुवनापर्यंत सगळ्यांना एकेक करून दाराबाहेर काढावे लागते. तसे कोणी करू नये. खरे नाव कोणते यापेक्षा हे नाव कोणी, कुठे उभे राहून दिले, हे मुलाने विचारायला शिकले पाहिजे.

हा प्रश्न आमच्या गावच्या मिरचीलाही विचारता येतो. आमचे गाव तिच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात इथून हिरव्या मिरचीच्या गाड्या परराज्यांत जातात. ही मिरची मूळची अमेरिका खंडाची. १४९२ मध्ये कोलंबस इंडिया शोधायला निघाला, भलत्याच किनाऱ्याला लागला आणि त्याला तोच इंडिया वाटला. तिथल्या बेटांना आणि माणसांना त्याने आमच्या देशाचे नाव दिले. तिथली मिरची त्याला मिऱ्यासारखी तिखट लागली म्हणून त्याने तिला मिऱ्याचेच नाव दिले, आणि ती पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली तेव्हा आपणही मिऱ्यावरून तिला मिरची म्हटले. चुकून ज्याला इंडिया म्हटले गेले त्या मुलखातले पीक आज खऱ्या इंडियातल्या एका गावाला ओळख देते आहे. नकाशा, इतिहास आणि भाषा या तिन्हींचा तास एका मिरचीवर घेता येतो. मी घेतलेला आहे. मागच्या बाकावरची मुलेही ऐकत बसतात.

आता मागणी. सहावीच्या इतिहासात महाजनपदांचा जो नकाशा येतो, त्याच्या शेजारी महाराष्ट्राचा एक पानभर नकाशा द्यावा. त्यावर आजचे जिल्हे फिकट रेषांनी असावेत आणि वर ठळक अक्षरांत अश्मक, मूळक, भोगवर्धन, विदर्भ, अपरांत, कुंतल, सेउणदेश, खानदेश, वऱ्हाड, गंगथडी ही नावे असावीत. पुस्तकाच्या सुरुवातीला राष्ट्रगीत छापता, तिथे सिंध, उत्कल, बंग, द्राविड या शब्दांचे अर्थ एका ओळीत द्यावेत. आणि शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत प्रत्येक जिल्ह्यासाठी एक जागा कोरी ठेवावी. आपल्या गावाला, तालुक्याला आणि मुलखाला आजवर कोणत्या नावांनी हाक मारली गेली, ते मुलांनी आजीला, पुजाऱ्याला, महानुभाव मठातल्या बाबांना, दर्ग्यातल्या मुजावरांना विचारून तिथे लिहावे. याला फार खर्च येणार नाही. उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधी अशा आपल्या सगळ्या माध्यमांत हे होऊ शकते, आणि प्रत्येक भाषेत वेगळी नावे निघतील.

जालना जिल्ह्यापुरती नावे, ठिकाणे आणि ती कुठल्या लेखात किंवा ग्रंथात येतात याची टिपणे मी वहीत लिहून तयार ठेवली आहेत. आपण दोन ओळींचे पत्र पाठवले तर वही घेऊन मी स्वतः पुण्याला येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना